आल्याची साखर आणि धाकटा टर्बो

"धाकटाच घे," इगाराशी-सान तिसऱ्यांदा म्हणाले आणि तोमोएच्या मनात पाल चुकचुकली.

हा माणूस एरवी एक गोष्ट एकदाच सांगायचा. शिमोत्सुमाच्या या पत्र्याच्या गॅरेजात तिची निळी गाडी नऊ वर्षं येत होती. ब्रेक बदलायचे असोत की क्लच, इगाराशी-सान पर्याय सांगत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "गाडी तुझी, मर्जी तुझी." कुणाला गळ घालणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. आणि आज तीन-तीनदा?

टेबलावर फडक्यावर इंजिनात जास्त हवा कोंबणारे दोन टर्बो ठेवले होते, गोगलगायींच्या शंखांसारखे. एक ओंजळीत मावेल असा, दुसरा त्याच्या दीडपट. इंजिन खोलून आतूनच मोठं करायचं हा तिसरा पर्याय केव्हाच बाद झाला होता. त्यात तीन महिने गेले असते, आणि ट्रॅकवर चांगली वेळ लावायची ती थंडीतच. गार हवेत इंजिन छाती भरून श्वास घेतं. फेब्रुवारी संपला की मोसम संपला. लेक नागी पोटात होती तेव्हाचा एक हिवाळा गेला, ती अंगावर पीत होती तेव्हाचा दुसरा. हा तिसरा तोमोएला घालवायचा नव्हता.

सुकुबाच्या ट्रॅकवर माणसं दोनच प्रकारची असतात, एका मिनिटाच्या आत फेरी मारणारी आणि बाकीची. नागीच्या आधी तोमोए एक मिनिट आणि सेकंदाच्या सहा दशांशांवर अडली होती. गेल्या महिन्यात, दोन वर्षांनी पहिल्यांदा गाडीत बसली, तर एक मिनिट एक सेकंद. घरी येऊन तिने नागीला पाजलं आणि तिच्या मऊ टाळूवर हनुवटी टेकून मनातल्या मनात पुन्हा पुन्हा तो सेकंद मोजला.

"मोठ्याने चाळीस हॉर्सपॉवर जास्त मिळतात, असं तुम्हीच म्हणालात."

"मिळतात."

"मग?"

"मग धाकटा घे."

चौथ्यांदा.

तेवढ्यात काकू, म्हणजे इगाराशी-सानांची बायको, चहा घेऊन आल्या. "घे गं. डोळे बघ किती ओढलेत. रात्रीची झोपू देते का लेक?"

"दात येतायत, काकू."

"मग काय, तूच झोपव गाडीत घालून. आमचा थोरला इंजिनच्या आवाजाशिवाय झोपायचाच नाही." हसत हसत त्यांनी चहाशेजारी बशी सरकवली. कुणी आणलेला खाऊ पुढच्या पाहुण्यासमोर ठेवायचा, ही सगळ्यांचीच रीत. तोमोएने न बघता एक पांढरा खडा तोंडात टाकला आणि जीभ झणझणली.

आल्याची साखर. ती थबकली. अशी साखर तिच्या सासूबाईंच्या गावी, इझुमोकडे मिळते. तीही अशी ओबडधोबड, तिळाएवढ्या काळ्या ठिपक्यांची, एकाच म्हातारीच्या दुकानात. सासूबाई दर नोव्हेंबरात दोन डबे पाठवतात.

"काकू, ही कुणी आणली?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. इगाराशी-सानांना एकाएकी नटबोल्टच्या डब्यात काहीतरी शोधायचं होतं.

"आलं होतं कुणीतरी," ते डब्यात बघत म्हणाले.

गोड डबा घेऊन लोक कधी जातात? गळ घालायला. रिकाम्या हाताने कुणी कुणाला गळ घालत नाही. म्हणजे शुहेई इथे आला होता. तिचा नवरा, ज्याला बॉनेट कुठल्या बाजूने उघडतं हे आजही सांगावं लागतं तो. तोमोएने एक खडा हळूच कागदी रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकला. "उद्या सांगते," म्हणाली आणि निघाली.

घरी न्हाणीघरातून पाण्याचे आणि नागीच्या खिदळण्याचे आवाज येत होते. शुहेई रोज संध्याकाळी लेकीला आंघोळ घालायचा. तोमोए टॉवेल हातावर पसरून दाराशी उभी राहिली.

"काय ठरलं?" आतून आवाज आला. जरा जास्तच सहज.

"अजून काही नाही. आईंनी पाठवलेली आल्याची साखर कुठेय रे? दोन डबे होते."

पाणी थांबलं. "ऑफिसात वाटली."

"दोन्ही?"

"एकच. एक असेल वरच्या कपाटात. पकड हं, निसरडी झालीये बाई."

वाफाळलेली, गुलाबी नागी तिच्या हातात आली. तिला पुसताना तोमोएने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलंही असतं कदाचित, पण मग ते खरं की आत्ताच रचलेलं, हे कसं ओळखायचं? एकदा असं वाटायला लागलं की साधा चमचासुद्धा कुणीतरी हलवून ठेवल्यासारखा दिसतो. नोव्हेंबरात ट्रॅकवरून आल्यावर तो म्हणाला होता, "अजून किती वर्षं?" तेव्हा तिला वाटलं होतं, कौतुकानेच विचारतोय.

आणि खरी भीती वेगळीच होती. टर्बो कुठलाही बसवा, तो किती जोर लावणार हे ठरतं गाडीच्या संगणकात. प्रत्येक कारागीर त्याला स्वतःचं कुलूप घालतो. कुलपाचा शब्द कुणी गिऱ्हाइकाला देत नाही, ती त्याची आयुष्यभराची विद्या. गिऱ्हाइकाला मिळतो चाचणीचा छापील कागद. तिने मोठा टर्बो मागितला आणि इगाराशी-सानांनी आतून त्याचा गळा आवळून ठेवला, तर? तिला वाटत राहील, आपणच आता पूर्वीसारख्या राहिलो नाही. जन्मभर वाटत राहील.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती गॅरेजात उभ्या उभ्याच म्हणाली, "मोठा बसवा."

"बरं."

इतक्या पटकन?

"आणि रोलरवर चाकं फिरवून ताकद मोजायची चाचणी माझ्यासमोर व्हायला हवी. मला नुसता कागद नकोय."

इगाराशी-सानांनी चष्मा काढला. "काय झालंय, तोमोए-चान?"

तिने रुमाल उलगडून तो खडा दोन टर्बोंच्या मधोमध ठेवला. "शुहेई आला होता."

"आला होता."

"काय म्हणाला?"

त्यांचा हात नटबोल्टच्या डब्याकडे गेला. मागून काकूच म्हणाल्या, "सांगा की आता. लपवणं जमत नाही तुम्हाला, नटबोल्ट चिवडत बसता."

"म्हणाला, गाडी जराशी बांधून ठेवता येईल का. तिला कळणार नाही इतपत."

तोमोएची कानशिलं तापली. "आणि तुम्ही मला धाकटा सांगितलात."

"धाकटा मी तो यायच्या दहा दिवस आधी ठरवला होता." त्यांनी खणातून एक कागद काढला. कोपऱ्यात तारीख होती, बावीस नोव्हेंबर. कागदावर दोन रेघा होत्या, एक निळी, एक लाल. "तुझा उजवा पाय, गाडीच्या संगणकाने टिपलेला. निळी रेघ दोन वर्षांपूर्वीची. वळण संपायच्या आत तू पाय दाबायचीस, कारण इंजिन उशिरा जागं होतं हे तुला ठाऊक होतं. लाल गेल्या महिन्याची. आता तू गाडी सरळ होईपर्यंत थांबतेस. प्रत्येक वळणावर."

"म्हणजे मी घाबरते."

"मी म्हटलं का तसं? थांबतेस, आणि मग पूर्ण दाबतेस, आधीपेक्षा स्वच्छ. असा पाय असेल तर दाबताक्षणी उठणारं इंजिन हवं. मोठा टर्बो आळस देत उठतो. कागदावर तुझे चाळीस घोडे दिसतील, पण वळणातून निघताना तू त्यांना हाका मारत बसशील."

तोमोए लाल रेघेकडे बघत राहिली. रेघ खोटी नव्हती. ती वळणं तिला पाठ होती, आणि तिथे एक क्षण कुणाची तरी उबदार टाळू हनुवटीला लागते, हेही तिला ठाऊक होतं. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पण आता धाकटा घ्यायचा म्हणजे शुहेईच्या मनासारखं झालं. आणि मोठा घ्यायचा तो कुणासाठी? त्याची जिरवायला?

"त्याला काय सांगितलंत तुम्ही?"

"असली कामं करत नाही म्हटलं. तर डबा ठेवून पळाला."

"परत द्यायचा तर पत्ता तुझ्याच घराचा!" काकू म्हणाल्या. "काय सांगणार होते मी दारात येऊन?"

तोमोएला हसू आलं, पण तिने ते गिळलं. "मी तुमच्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवू?"

इगाराशी-सानांनी कानामागची पेन्सिल काढली. मग त्यांनी लाल रेघेच्या कागदाचाच कोपरा फाडला, पेन्सिलीने एक शब्द लिहिला आणि तिच्यापुढे सरकवला. "कुलूप. आजवर कुणाला दिलेलं नाही. उघड, बघ, दुसऱ्या कुणाकडून तपासून घे."

काकूंच्या हातातला ट्रे तसाच राहिला.

"धाकटा बसवा," तोमोए म्हणाली.

"नवरा खूश होईल हं," काकू म्हणाल्या.

"ते मी बघते."

संध्याकाळी शुहेई कोतात्सूच्या, म्हणजे शेगडीच्या बुटक्या टेबलाच्या उबेत पाय घालून संत्रं सोलत होता, नागी त्याच्या मांडीवर फोडीची वाट बघत होती. तोमोएने तो खडा त्याच्यासमोर ठेवला. त्याचे हात थांबले.

"ऑफिसातून परत आली वाटतं," ती म्हणाली.

त्याने हातातलं संत्रं खाली ठेवलं. "विचारलं होतं मी," तो म्हणाला. "तुझी गाडी दिसेनाशी होते ना त्या वळणामागे, तेव्हा मला श्वास घेता येत नाही."

"मग मला सांगायचंस. माझ्या मागून माझी गाडी बांधायला निघालास?"

"तुला सांगितलं असतं तर तू सोडून दिलं असतंस. तेही नको होतं मला."

हे मात्र तिला अपेक्षित नव्हतं. ती त्याचा चेहरा निरखत राहिली, कागदावरची रेघ वाचावी तशी. "धाकटा घेतला मी," ती म्हणाली.

त्याचे खांदे सैल झाले.

"त्याने मी जास्त वेगात जाणार आहे."

खांदे परत वर. "किती?"

"मिनिटाच्या आत."

शुहेईने तो खडा उचलला, चावला आणि तिखटाने डोळे मिटून घेतले. नागीने संधी साधून अख्खी फोड तोंडात कोंबली.

तो लेकीला झोपवायला आत गेल्यावर तोमोएने खिशातला कुलपाच्या शब्दाचा कागद काढला. कुठे ठेवायचा? कपड्यांखाली, तांदळाच्या डब्यात, पर्सच्या अस्तरात, सगळ्या जागा मनात फिरून आल्या. शेवटी तिने खण उघडला आणि नागीच्या लसींची वही काढली. दर लसीला शुहेईच ती वही घेऊन जायचा. पुढची येत्या गुरुवारी होती. तिने कागद त्या गुरुवारच्याच पानात ठेवला.

घड्या मात्र तिने मोजून चार घातल्या, कुणी उलगडला तर कळावं म्हणून.