अकरा कप्प्यांची सवत

मित्रांनो, माझ्या धन्याच्या थोरल्या लेकीनं माझ्या पोटात जेवणाचा डबा ठेवला. इतक्या वर्षांत माझा असा अपमान कुणी केला नव्हता. डबाही धड लावलेला नाही, झाकणातून ओघळ येतोय, आणि वर एक लांब दांड्याचा चमचा खुपसलेला. पण खरं सांगते, मला राग थोडा आला आणि भीती फार वाटली. माझं सगळं सामान तिनं दुसऱ्या पिशवीत भरलं होतं, आणि त्या पिशवीला काही म्हणता काही ठाऊक नव्हतं.

मी एक जुनी चामड्याची थैली आहे. ठासणीच्या बंदुकीचं सामान वाहायचं हे माझं काम. ही बंदूक तोंडाकडून भरतात. आधी मापानं दारू ओतायची, मग तेलकट चिंधीत बसवलेली शिशाची गोळी, मग लांब गजानं ते सगळं तळाशी ठासायचं, आणि शेवटी मागे ठिणगी पाडणारी टोपी लावायची. दारूचं माप एकच. भरलेल्या बंदुकीत चुकून पुन्हा भरलं, तर नळी फुटू शकते. आणि नळी असते माणसाच्या तोंडाशी.

मला खोगीर शिवणाऱ्या एका कारागिरानं घडवलं. माझा धनी घड्याळजी, दर आठवड्याला मैदानावर निशाणेबाजीला जाणारा. तो फडक्यात सामान बांधून कारागिराकडे आला आणि म्हणाला, "चांगली मोठी पिशवी शिव." कारागीर हसला. त्यानं एक कच्ची पिशवी घड्याळजीच्या खांद्याला लटकवली आणि म्हणाला, "डोळे मिटा. आता चिंधी काढा. आता गोळी. आता टोपी." घड्याळजी चाचपडत राहिला. "बघा, मोठ्या पिशवीत वस्तू हरवतात हो," कारागीर म्हणाला. मग त्यानं मला बेतानं शिवलं. दोनच कप्पे, वर झाकण, बाजूला चामड्याची एक कडी. दारू भरून ठेवायचं पोकळ शिंग वेगळ्या पट्ट्यावर. ते पोटात घ्यायला मी कधी कबूलच झाले नसते.

पहिला बार उडाला तेव्हा मी अशी दचकले की माझा बंद सुटला. पुढे सवय झाली, पण भीती गेली नाही. जायला नकोच. एकदा शेजारी उभ्या असलेल्या सुताराची बंदूक फुटली. आवाज फार मोठा नव्हता, नेहमीपेक्षा बसकाच होता. मग सुतार खाली बसला आणि आपल्याच हाताकडे बघत राहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा हात आहे. माझ्या झाकणावरचा काळा डाग त्या दिवसाचा. दोनदा भरली होती त्यानं. मध्ये कुणीतरी हाक मारली, एवढंच झालं होतं.

त्या दिवसापासून घड्याळजीच्या हाताला एक सवय लागली. बंदूक रिकामी असली की पितळी माप माझ्या बाजूला दोरीवर लोंबतं. भरून झाली की तो ते कडीत खोचतो. बार उडाला की पुन्हा खाली सोडतो. मापाला हात घातला आणि ते कडीत सापडलं, की समजायचं, बंदूक भरलेली आहे. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगणार कसा? आपण हे करतो हे त्यालाही माहीत नव्हतं. त्याच्या हाताला माहीत होतं आणि मला.

माझं कौतुक पुष्कळ झालं. मैदानावरचे लोक म्हणायचे, घड्याळजी बोलता बोलता भरतो, खाली बघतसुद्धा नाही. मग त्याचे हात कापायला लागले. दुकान बंद झालं, बंदूक कपाटात गेली आणि मी दारामागच्या खिळ्यावर, छत्र्यांच्या शेजारी. पट्टा वाळून काटकी झाला. कुणी तेलाचं बोट लावलं नाही.

यंदा थोरलीनं बंदूक बाहेर काढली. घड्याळजीची मोठी लेक, हात स्थिर, नजर चांगली. बापाच्या डोळ्यांदेखत स्पर्धेत उतरायचं तिच्या मनात होतं. तिनं टेबलावर तीन पिशव्या मांडल्या आणि त्यांतली सगळ्यांत फुगीर उचलली.

"बाबा, हिला अकरा कप्पे आहेत. प्रत्येकाला चेन."

"अकरा? तुझ्याकडे वस्तू पाच."

"मग सहा मोकळे राहतील. ते काय जेवायला मागतायत?"

"आणि ती जुनी?"

"तिचा पट्टा बघा ना. ती डब्याला बरी." मग तिनं सहज विचारलं, "बरं, बंदूक भरलीय की नाही, हे तुम्हाला कसं कळायचं?"

"कळतं."

"अहो, पण कसं?"

"कळतं म्हणजे कळतं. हाताला कळतं."

"झालं. मिळालं उत्तर," थोरली म्हणाली आणि चेन ओढली.

मित्रांनो, त्या क्षणी माझी शिवण न् शिवण ताठ झाली. उत्तर तिच्यापासून हातभर अंतरावर होतं, पोटात डबा घेऊन.

स्पर्धेच्या दिवशी घड्याळजी मागच्या बाकावर बसला आणि मी त्याच्या मांडीशी. थोरलीनं दारू ओतली, गोळी बसवली, गज मारला. फक्त टोपी लावायची राहिली, तेवढ्यात शिट्टी झाली. निशाणं बदलायची होती. सगळ्यांनी बंदुका मांडणीला टेकवल्या. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, "पिशवी झकास आहे हो. कुठे घेतली?" झालं. माझ्या सवतीचे अकराही कप्पे उघडून दाखवणं सुरू झालं. ही चेन, ती चेन, हे आतलं अस्तर. मला सुतार दिसायला लागला.

पुन्हा शिट्टी. थोरलीनं बंदूक घेतली, तिसरा कप्पा उघडला, मिटला, सातवा उघडला आणि माप काढलं. शिंगातून माप भरलं.

मी ओरडले. पण चामडं ओरडलं तर कोण ऐकणार? पट्टा तुटला असता तरी चाललं असतं, खाली पडून आवाज तरी झाला असता. तोही तुटला नाही मेला.

तेव्हा घड्याळजीचा हात माझ्या बाजूला आला. मघापासून तो मनातल्या मनात तिच्याबरोबर बंदूक भरत होता, म्हाताऱ्याला दुसरं काय सुचणार. आता तिनं माप घेतलं म्हणून त्याचा हातही मापासाठी खाली गेला. लोंबत काही नव्हतं. बोटं वर सरकली आणि कडीत अडकली. कडीत चमचा होता. मघाशी तिनं गज मारून झाल्यावर त्याच्याच हातानं तो डब्यावरून उचलून मापाच्या जागी तिथे खोचला होता.

"थांब," तो म्हणाला. मोठ्यानं नाही. "माप खाली ठेव."

"काय झालं?"

"भरलेली आहे."

"नाही हो, मी अजून कुठे..."

"गज घाल."

तिनं गज आत सोडला. रिकाम्या नळीत तो तोंडाबरोबर बसतो. आज तीन बोटं वर राहिला. थोरली त्या तीन बोटांकडे बघत राहिली. मापातली दारू तिच्या बुटांवर सांडत होती.

"तुम्हाला कसं कळलं, बाबा?" ती म्हणाली.

घड्याळजीनं चमच्याकडे बघितलं. त्यालाही ते पहिल्यांदाच कळत होतं. "हिनं सांगितलं," तो म्हणाला आणि मला थोपटलं.

आता थोरली माझ्यासमोर बसली आहे. अकरा कप्पे बाकावर उलटे केलेत तिनं, आणि बंदुकीला ती हात लावत नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, एवढंच मी तुम्हाला सांगेन. वस्तू बोलत नाही, तिला हातात धरावं लागतं. बाकीचं मला हिला सांगायचं आहे, आणि पाठीमागे बोलायची मला सवय नाही.

थोरले, ऐक. तू पिशवी निवडलीस ती दुसऱ्यांना दाखवायला. तुझी नजर चांगली आहे, म्हणूनच तू फसलीस. डोळे मीट आणि हात घाल. हवं ते हाताला लागलं, तर ती पिशवी तुझी. भीती वाटतेय ना तुला? वाटू दे, ती मला पन्नास वर्षं पुरली. आता पट्ट्याला तेल लाव. डबा बाहेर काढ.

चमचा तेवढा राहू दे.