मावशी पद्धत

"मावशी, तुम्ही रोज करता तसंच करा. वेगळं काही नको," आमची गटप्रमुख मोबाइल स्टँडवर लावत म्हणाली.

मावशी इस्त्रीचा गणवेश घालून आल्या होत्या. पुरुषांच्या वॉर्डात सव्वीस वर्षं आयाचं काम केलेली ही बाई त्या दिवशी नव्या नवरीसारखी लाजत होती. "ताई, माझं बघून पोरी शिकणार होय?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. तसं ते खोटंही नव्हतं.

आम्ही नर्सिंगच्या चार विद्यार्थिनी. खाटेवर खाली घसरलेल्या रुग्णाला वर कसं घ्यायचं, यावर आम्हाला व्हिडिओ-धडा करायचा होता. वीस गुण होते, शिवाय सर्वांत चांगला धडा पुढच्या सगळ्या तुकड्यांना दाखवणार होते. योग्य पद्धतीत दोघींनी दोन बाजूंनी चादर धरून उचलायचं असतं. ते आम्ही हौसेने केलं. चुकीची पद्धत करून दाखवायला मात्र कोणी तयार होईना. वर्षानुवर्षं आपलं हसं कोण करून घेईल? तेव्हा मलाच मावशी आठवल्या. त्या रुग्णाच्या काखेत हात घालून एकट्याच त्याला वर घ्यायच्या. त्या वॉर्डात दुसरं माणूस असायचंच कुठे.

आमच्यातली एक रुग्ण होऊन पडली. मावशींनी "सैल सोड अंग, बाळा" म्हणत तिला अलगद वर घेतलं आणि कॅमेऱ्याकडे बघून हसल्या. ते हसू मी मुद्दाम ठेवलं. त्यावर लाल फुली मारली, खाली 'चूक' लिहिलं आणि 'टर्रर्र' असा आवाज जोडला.

"मावशीला आधी सांगायचं का?" गटप्रमुखने विचारलं.

"कशाला? तिला काय कळतंय," मी म्हणाले.

सभागृहात धडा दाखवायच्या दिवशी मावशी सुनेला घेऊन आल्या. सासू दवाखान्यात घाण काढते, हे ही सून माहेरी कोणाला सांगत नसे. मावशींनीच एकदा वॉर्डात हसत हसत सांगितलं होतं. त्यांनी तिला पहिल्या रांगेत बसवलं. "आता माझं येईल बघ," त्या म्हणाल्या.

आलं. हसऱ्या चेहऱ्यावर फुली पडली, टर्रर्र वाजलं आणि दीडशे मुली खो खो हसल्या. सूनही हसली. मग रुमालाने तोंड पुसत म्हणाली, "आई, चला आता. मला उशीर होतोय."

आम्हाला वीसपैकी एकोणीस मिळाले. महिन्याभरात कॉलेजात शब्दच रूढ झाला. तोंडी परीक्षेत मॅडम विचारायच्या, "मावशी पद्धतीने काय होतं?" मुली घडाघडा सांगायच्या, कातडी सोलवटते, खांदा दुखावतो. मी दोनदा माफी मागायला गेले आणि दोन्ही वेळा मावशींच्या हातचा चहा पिऊन परत आले. माझी हिंमतच झाली नाही.

मग त्याच वॉर्डात माझी ड्यूटी लागली. एक आजोबा खाटेवर पार खाली घसरले होते. मावशी शेजारीच हात मागे बांधून उभ्या होत्या.

"मावशी, घ्या ना मला वर," आजोबा कण्हत म्हणाले. "तुम्ही घेतलं की दुखत नाही."

मावशी जागच्या हलल्या नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ताई, कुठं धरायचं तेवढं सांगा."

मी सांगितलं. त्यांनी चादर बरोबर तिथेच धरली आणि मी 'उचला' म्हणेपर्यंत थांबून राहिल्या.