मंडळींचं झाड

"अगं अरुणा, मुलगी गुणी आहे, पण बोलतच नाही. आमचं ते काट्याचं झाड तरी वाऱ्यानं हलतं."

सुनेत्राबाई मागच्या अंगणात खुर्ची टाकून मैत्रिणीशी फोनवर बोलत होत्या. त्यांची नवी सून जाई स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीशी भांडी विसळत होती. तिनं ऐकलं. मीही ऐकलं. कारण ते काट्याचं झाड म्हणजे मीच. जातीनं हॉथॉर्न, मूळ गाव आयर्लंड, हल्ली मुक्काम मार्कहॅम, कॅनडा.

मी इथं आलो तो बी होऊन, या घराचे आधीचे मालक केरिगनसाहेब यांच्या कोटाच्या खिशातून. कस्टम्सच्या फॉर्मवर माझा उल्लेख नव्हता. तुमच्या गोड्या मसाल्याच्या पुड्या येतात, तसाच आलो म्हणा ना. त्याला पन्नास वर्षं झाली.

साहेब लवकर गेले. केरिगनबाईंनी मला वाढवलं, आणि माझ्याबरोबर माझ्या बिऱ्हाडकरूंनाही. आमच्या गावाकडे एकट्यादुकट्या हॉथॉर्नच्या मुळाशी न दिसणारे लोक राहतात, असं मानतात. त्यांचं नाव घ्यायचं नाही, नुसतं 'ती भली मंडळी' म्हणायचं. तुम्ही रात्री सापाला लांबडं म्हणता ना, तसं. बशीभर दूध ठेवलं की मंडळी खूश. झाड तोडलं तर मात्र तोडणाऱ्याची धडगत नाही. आता खरं विचाराल तर पन्नास वर्षांत मला त्यांच्यातलं कोणी भेटलेलं नाही. पण आपल्या बिऱ्हाडकरूंबद्दल मी बाहेर बोलत नसतो.

सहा वर्षांपूर्वी केरिगनबाई थकल्या, जवळच्या सीनियर्स होममध्ये राहायला गेल्या, आणि घर सुनेत्राबाईंच्या यजमानांनी, शैलेंद्ररावांनी घेतलं. निवृत्त इंजिनिअर. असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. नवी गाडी आली तेव्हा ड्राइव्हवेवर चारही टायरखाली लिंबं ठेवून ती चिरडली, पण ते म्हणे वेगळं. सुनेत्राबाई तर पहिल्याच मे महिन्यात माझी पांढरी फुलं खुडून गणपतीला घेऊन गेल्या. आमच्याकडे ही फुलं घरात नेणं म्हणजे मरणाला आवतण. पण कुणाला साधी शिंकही आली नाही. आतला गणपती आणि बाहेरची मंडळी, यांनी आपापसात काहीतरी मिटवून घेतलं असावं.

जाई जानेवारीत आली, चांगला गुडघाभर बर्फ असताना. नवरा निमिष स्वभावानं गरीब, कशालाही उत्तर एकच, "बाबांना विचारू या." घरात सगळं आधीच ठरलेलं होतं. पडदे ठरलेले, नाश्ता ठरलेला, तिचा चहाचा कपसुद्धा ठरलेला. बर्फ वितळलं तशी ती तो कप घेऊन माझ्यापाशी येऊन उभी राहू लागली, आणि इथे मात्र बोलायची. पुण्याच्या मैत्रिणींबद्दल, इथल्या नोकरीच्या अर्जांबद्दल. एकदा म्हणाली, "या घरात मी निवडलेली एकही वस्तू नाही रे." बोलत नाही म्हणे!

मे महिन्यात केरिगनबाई वॉकर ढकलत आल्या. दर वर्षी माझ्या फांदीला एक रिबन बांधायची त्यांची पद्धत. घरी जाई एकटीच होती. तिनं चहा केला, मंडळींच्या गोष्टी ऐकल्या आणि बाईंचा हात फांदीपर्यंत पोचेना म्हणून रिबन स्वतः बांधली.

त्याच आठवड्यात शैलेंद्ररावांनी टेप धरून डेकची, म्हणजे मागच्या दाराबाहेरच्या लाकडी ओट्याची, मापं घेतली. नव्या सुनेला भेटायला जूनमध्ये महाराष्ट्र मंडळाचे साठ लोक येणार, तर मागे डेक हवाच. मी त्या मापांच्या बरोबर मध्ये येत होतो. शनिवारी कापायला माणूस बोलावला. जाईनं निमिषला सांगून पाहिलं. तो काय म्हणाला ते तुम्हाला ठाऊक आहे. जेवताना तिनं तोंड उघडलं, तर सासऱ्यांनी वरणाचं भांडं पुढे केलं.

मी अजून बोलतोय, म्हणजे पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. आज माझ्याभोवती चांगला चार फुटांचा वळसा घेतलेला डेक आहे, आणि शैलेंद्रराव पाहुण्यांना सांगतात की हे आपलं खास डिझाइन. माझं मागणं एवढंच, की अंगणातल्या झाडावर करवत चालवण्याआधी घरात जे माणूस सगळ्यात गप्प असेल, त्याला एकदा विचारा. आता त्या शनिवारचं सांगतो आणि थांबतो.

करवतवाला मशीन सुरू करणार, एवढ्यात जाई नुसत्या मोज्यांनी ओल्या गवतातून चालत आली आणि मला पाठ लावून उभी राहिली. सुनेत्राबाई म्हणाल्या, काटे लागतील, बाजूला हो. निमिषनं "बाबा..." एवढं म्हटलं आणि तिथेच अडकला. शैलेंद्रराव हसले.

"केरिगनबाईंच्या भुतांना घाबरलीस की काय? एक शास्त्रीय कारण दे, झाड ठेवतो."

मला वाटलं, आता ही पक्ष्यांचं, सावलीचं काहीतरी सांगेल. मराठीचं अक्षरही न कळणाऱ्या त्या करवतवाल्यानं मशीन गवतावर ठेवलं.

"कारण काहीच नाही, बाबा," जाई म्हणाली. "मला ते हवंय. डेक लहान करा."