खंडेनवमीचा पाना

जयनगरच्या मागल्या गल्लीतलं यशोवर्धनचं गॅरेज दोन वर्षांपूर्वीपर्यंत दोन भावांचं होतं. पाटीवर अजूनही 'ब्रदर्स' असंच लिहिलेलं आहे. पाटी बदलायला सवड होत नाही, असं तो सांगतो. सवड भरपूर आहे. हात उचलत नाही, एवढंच.

धाकटा विराट गेला तो दसऱ्याच्या सकाळी, आनेकलच्या रस्त्यावर, स्वतःच्या हातांनी उभ्या केलेल्या गाडीत. ही मराठा घरं बेंगळुरात येऊन कैक पिढ्या लोटल्या, घरातली निम्मी भाषा कानडी झाली, पण दसऱ्याला शीव ओलांडायची म्हणजे ओलांडायचीच. घोडे गेले, गाड्या आल्या. विराट नवी केलेली गाडी घेऊन शीव ओलांडायला निघाला आणि पलीकडेच राहिला.

गाडी दोन माणसांची, बुटकी, लाल स्पोर्ट्‌स कार. तिच्या इंजिनावर त्याने सुपरचार्जर चढवला होता. म्हणजे इंजिनाच्या घशात जबरदस्तीने हवा कोंबणारं यंत्र. त्याने ताकद दीडपट होते. पण ती ताकद चाकांपर्यंत पोचवणारा जो गोतावळा असतो, क्लच, गिअरबॉक्स, गाडीच्या पोटाखालून जाणारा लांब शाफ्ट, मागचा डिफरेन्शियल, तो सगळा जुन्या ताकदीच्या हिशेबाने बनवलेला. आधी क्लच जळाला. जाड क्लच घातला, तर गिअरचे दात गेले. गिअर मजबूत केले, तर डिफरेन्शियलने मान टाकली. वडील, विश्वासराव, पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "नाकापेक्षा मोती जड." शेवटी शाफ्टही बदलला. तो शाफ्ट यशोवर्धनने निवडला होता.

त्यामुळे विराट गेल्यावर सगळ्यांनी एकच निकाल दिला: शाफ्टला ताकद झेपली नाही, तो तुटला, गाडी उलटली. उचलली जीभ लावली टाळ्याला! ज्यांनी जन्मात गाडीखाली डोकं घातलं नव्हतं, तेही तेराव्याच्या जेवणात शाफ्टबद्दल बोलत होते. यशोवर्धनने तो निकाल मुकाट मान्य केला. शाफ्ट माझा, म्हणजे भाऊ मी मारला. एकदा हे ठरल्यावर त्याला पुढचं काही वाटेनासंच झालं. जेवायचं, गाड्या दुरुस्त करायच्या, झोपायचं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं.

आई, अंबुबाई, हिचं वेगळंच होतं. त्या वर्षी गाडीवरून कोहळा ओवाळून फोडायचा राहिला, म्हणून दृष्ट लागली, असं तिने मनाशी घेतलं होतं. आपण पूजेत कमी पडलो, हेच तिचं पालुपद. विश्वासराव पेपराचं पान उलटत.

विराटच्या गाडीचा सांगाडा गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली पडून होता. त्याला कुणी हात लावला नव्हता. यंदा नवरात्र बसायच्या आधी चंदन नावाचा एक तरुण आला. मूळचा पुण्याचा, राहणार कोरमंगला, कसल्याशा स्टार्टअपमध्ये. त्याच्याकडे तशीच गाडी होती.

"अण्णा, मला सेम सेटअप हवाय. पण रिलायबल. तुमच्या त्या गाडीत एक्झॅक्टली काय फेल झालं, सांगा ना. तो पार्ट मी वापरणारच नाही."

किती सरळ विचारावं माणसाने! घरात आजवर हे कुणीच विचारलं नव्हतं. यशोवर्धनला रागही आला नाही. तो उठला, मागे गेला आणि त्याने ताडपत्री ओढली.

शाफ्ट वाकला होता. पण तुटला नव्हता. तो खाली बसला आणि एकेक भाग बघत गेला. क्लच धड होता. गिअर धड होते. डिफरेन्शियल धड होता. ज्यांच्यावर सगळ्या गावाने ठपका ठेवला, ते सगळे शेवटपर्यंत टिकले होते. गिअरबॉक्सकडच्या टोकाला शाफ्ट चार बोल्टांनी धरलेला असतो. तुटलेला बोल्ट आपलं अर्धं अंग भोकात सोडून जातो. इथं भोकं मोकळी होती आणि आतले आटे नव्यासारखे. बोल्ट तुटले नव्हते, फिरत फिरत निघून गेले होते. मग शाफ्टचं टोक खाली पडलं आणि रस्त्यात रुतलं.

या गॅरेजची एक रीत होती. शेवटचा आवळ टॉर्क रेंचने द्यायचा, म्हणजे ठरलेला दाब बसला की टक्कन वाजणाऱ्या पान्याने. आणि मग बोल्टच्या डोक्यावरून पिवळ्या रंगाची रेघ मारायची. मागच्या टोकाच्या बोल्टांवर विराटच्या हाताच्या जाड्या रेघा होत्या. पुढच्या टोकाला रेघेचा ठिपकाही नव्हता.

मधे काय आलं, ते त्याला बसल्याजागी कळलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची खंडेनवमी आली. त्या दिवशी यशोवर्धन झेंडू आणायला बाजारात गेला होता. परत आला तेव्हा सगळी हत्यारं पाटावर मांडून झाली होती, टॉर्क रेंचला हळदकुंकू लागलं होतं. पाटावर बसलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत कुणी शिवत नाही. आणि दरवर्षी हत्यारं गोळा करायला आईच येते. पूजा झाली की काम झालंसं वाटतं. विराटलाही वाटलं असणार.

म्हणजे शाफ्टचा दोष नव्हता. यशोवर्धन सुटला होता. सुटल्यासारखं वाटेल म्हणून तो थोडा वेळ तिथं बसून राहिला. काही वाटलं नाही. एवढंच पक्कं झालं, की हे आईला कळता कामा नये. कोहळ्याचं दुःख ती कसंबसं सोसत होती. पूजेनेच पोर गेलं, हे तिला सोसलं नसतं.

"शाफ्ट," तो चंदनला म्हणाला.

"मग तो नको. दुसरा बनवून घ्या."

सरी, म्हणजे बरं, असं म्हणून त्याने आनेकलच्या लेथवाल्याकडे दुसरा शाफ्ट करायला टाकला. खोट्याला हातपाय लागतात ते असे.

शाफ्ट यायला उशीर झाला. आला तो नेमका खंडेनवमीच्या सकाळी. गेल्या वर्षी घरात सण नव्हता. ही पहिलीच पूजा. शहाण्या माणसाने त्या दिवशी काम बाजूला ठेवलं असतं. यशोवर्धन लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली उभा राहून शाफ्ट बसवत होता, तेवढ्यात अंबुबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या. त्यांनी पाने उचलले, पकडी उचलल्या, हातोडा उचलला. मग त्याच्यासमोर हात पसरला.

"यशा, आण तो पाना. मुहूर्त चाललाय."

देऊन टाकायला हवा होता. गाडी लिफ्टवरच राहिली असती, दसऱ्यानंतर बोल्ट आवळता आले असते, कुणाचं काही बिघडलं नसतं. हे त्याला स्वच्छ कळत होतं. पण बोटं पान्यावरून सुटेनात.

"आई, स्वल्प थांब," तो म्हणाला. "हे चार राहिलेत."

अंबुबाईंचा पसरलेला हात तसाच राहिला. त्या वर शाफ्टकडे बघू लागल्या. मग त्याच्या हातातल्या पान्याकडे.

"तो पण असंच म्हणाला होता."

"कोण?"

"विराट. इथंच उभा होता. आई, स्वल्प थांब, चार राहिलेत. मी त्याच्या हातातनं काढून घेतला पाना. म्हटलं, देव काय तुझी वाट बघत बसेल होय रे?"

रस्त्यावरून झेंडूच्या माळा लावलेली एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली.

"यशा, तेच चार होते काय?"

खोटं तयार होतं. चंदनला सांगून झालं होतं, साऱ्या गावाला पाठ होतं, आणि दोन वर्षं त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास होता. शाफ्ट तुटला, आई. तीन शब्द. त्याने तोंड उघडलं. छातीत इतक्या दिवसांनी काहीतरी दुखायला लागलं आणि ते तीन शब्द वर येईनात. तो नुसता बोल्टांकडे बघत राहिला.

अंबुबाईंनी ताट खाली ठेवलं, तिथंच, तेलकट फरशीवर. गोळा केलेली हत्यारं त्याच्या शेजारी ठेवली. पदराने हात पुसले.

"आवळ," त्या म्हणाल्या. "नीट आवळ. मी थांबते."

पाना टक्कन वाजला. यशोवर्धनने रेघ मारली आणि दुसरा बोल्ट धरला. मुहूर्त टळून गेला तरी अंबुबाई तिथंच उभ्या होत्या.