मागे मुळ्याचं शेत

मित्रांनो, मी एक जुना राखाडी पडदा आहे. तुम्ही माझी गोष्ट का वाचताय, हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. असो.

ज्या यंत्राने मला शिवलं, त्याने माझ्याकडे एकदाही सरळ पाहिलं नाही. पुढे तोक्योत मी मिओ कुवाबाराच्या खिडकीला लागलो. समोरच्या इमारतीतला माणूस रोज झाडाला पाणी घाली. झाड प्लास्टिकचं होतं. तेव्हापासून मी कोणावरच विश्वास ठेवत नाही.

मग मिओचं ऑफिस घरूनच चालू लागलं. त्याच सुमारास दूर तोत्तोरीच्या गावी तिचे बाबा पडले, खुबा मोडला. घरात दुसरं कोणी नाही. ऑफिसचा नियम मात्र असा, की बोलावलं की तासाभरात ऑफिसात हजर व्हायचं. ती गावी राहते हे कळलं असतं तर नोकरी गेली असती, आणि दोघांचं पोट तिच्यावरच होतं. मिओने कोणाला न सांगता मला बॅगेत कोंबलं आणि गाव गाठलं. तिथे मी तिच्या पाठीमागे टांगलो गेलो, म्हणजे कॅमेऱ्यात तोक्योचीच खोली दिसावी. माझ्यापुढे तोक्यो, माझ्यामागे मुळ्याचं शेत.

"कुवाबाराबाई, कोंबडा आरवला का हो तुमच्याकडे?" स्क्रीनवरच्या बैठकीत तिच्या ऑफिसातला त्सुजीई विचारी.

"शेजाऱ्यांचा गजर आहे."

"भर दुपारी?"

"ते उशिरा उठतात."

निशिगोरी साहेब काहीच बोलत नसत. नुसते बघत. मला तेच खटकायचं.

आमच्याकडे बैठक संपली की सगळे कॅमेऱ्यासमोर वाकतात, आणि साहेब मान वर करेपर्यंत कोणी हलत नाही. एकदा असेच सगळे वाकलेले असताना बाबा काठी टेकत आले. काठी माझ्यात अडकली आणि मी दांडीसकट खाली आलो.

"मिओ, अगं, मुळा उकडलाय. गरम आहे तोवर खा!" बाबांना ऐकू कमी येतं, म्हणून ते ओरडूनच बोलतात.

मिओ भीतीने आणखी वाकली. बाबांनी स्क्रीनकडे पाहिलं. इतकी माणसं आपल्यापुढे वाकलीत, हे बघून ते गहिवरले. त्यांनी वाडगा खाली ठेवला आणि तेही वाकले. मागे कोंबडा.

मग त्यांनी मला सावकाश उचललं आणि टांगलं. उलटं. शिवण बाहेर.

तोवर साहेब वाकलेलेच होते. म्हणून सगळेच. मी पुन्हा जागेवर लटकल्यावरच त्यांनी मान वर केली.

"कुवाबाराबाई," ते म्हणाले, "उद्या भेटू. आणि जेवून घ्या. गरम आहे तोवर."

त्यानंतर तासाभराचं बोलावणं मिओला कधीच आलं नाही. मी अजूनही उलटाच आहे. साहेब रोज बघतात आणि एका शब्दाने विचारत नाहीत. मला त्यांचा दाट संशय आहे.

मित्रांनो, आपल्या पडद्याला दोन चिमटे जास्त लावा. आणि दुसऱ्याचा पडदा पडलाच, तर तो परत टांगला जाईपर्यंत मान खाली ठेवा.