श्वासाचा रकाना

"सिस्टर, ह्यांचा श्वास जरा जास्तच वाटतोय हो," काकू म्हणाल्या. सकाळपासून तिसऱ्यांदा.

मी पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांची सुई काढत होते. "काकू, आत्ताच तर बघून गेले ना मी?"

"तरी पण..."

हात धुतले, चार्ट उचलला आणि सरळ काकूंच्या नाकासमोर धरला. "हे बघा. आठला अठरा, दहाला अठरा आणि हे आत्ताचं, बाराचं. अठरा. झालं समाधान?"

खाटेवरून ड्रायव्हरकाका हसले. पस्तीस वर्षं बस चालवलेला माणूस. साखर जुनी, हृदय त्याहून कुरकुरणारं. आमच्या मेडिसिन वॉर्डात ही त्यांची चौथी खेप, या वेळी फुप्फुसात जंतू. "अगं, गाडी चढावर आहे," ते बायकोला म्हणाले, "इंजिन... आवाज करणारच. सिस्टरांना... कशाला पिडतेस?"

एवढ्याशा बोलण्यात ते दोनदा थांबले. ते माझ्या लक्षात आलं होतं. आलं नव्हतं असं म्हणता आलं असतं, तर आज मी सुखानं झोपले असते.

आता खरं काय ते सांगते. ताप, नाडी, रक्तदाब, सगळ्याला यंत्रं आहेत. श्वासाला आमच्याकडे नाही. त्याला आपण खाटेशी उभं राहून, घड्याळ बघत, पूर्ण मिनिटभर छाती वरखाली होताना मोजायची असते. तीस खाटा, आम्ही दोघी. कुठून आणायचं प्रत्येकाला मिनिट? म्हणून आमच्या वॉर्डात सगळेच अठरा श्वास घेतात. कुणी पाडली ही रीत, देव जाणे. बावीस लिहिलं की डॉक्टर चौकशा करतात, चौदा लिहिलं तरी करतात. अठरा म्हणजे बिनबोभाट. माणूस बिघडायला लागला की आधी श्वास सांगतो, यंत्रं मागून बोंबलतात, हे नव्या मुलींना शिकवणारी मीच. आणि त्या दिवशी सकाळी सगळे अठरा एका दमात लिहून मोकळी झालेली पण मीच.

"जा काकू," मी म्हटलं, "घरी जाऊन अंघोळ करा, दोन घास खा. चार दिवस झाले तुम्हाला. मी आहे ना इथं."

त्या गेल्या. दोन वाजता मी आणखी एक अठरा लिहिला. पावणेतीनला काकांचे ओठ निळे पडलेले दिसले, मग काय, धावपळ, अतिदक्षता विभाग, नळ्या. काकू चारला आल्या तेव्हा खाटेवर धुतलेली चादर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी काका गेले. शेवटचं बोलणं राहूनच गेलं दोघांचं.

काकांच्या मृत्यूवरच्या मीटिंगमध्ये विभागप्रमुख मोठ्या मॅडमनी फाइल चाळली. "दोनपर्यंत श्वास अठरा. म्हणजे एकदमच ढासळले. बाराला जरी कळलं असतं तरी हातात वेळ होता. पण आपण तरी काय करणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. कुणी चारचौघांत माझी खरडपट्टी काढली असती तर परवडलं असतं.

फाइल रेकॉर्ड रूमला पाठवायची होती. मी ती कपाटात ठेवली. उद्या पाठवू, उद्या पाठवू, असे तीन दिवस गेले. घास गिळवेना. नवरा म्हणाला, "सुट्टी घे." सुट्टीनं काय होणार होतं?

चौथ्या दिवशी काकू कागदपत्रं न्यायला आल्या. समोरच्या स्टुलावर टेकल्या.

"माझंच चुकलं बघा," त्या म्हणाल्या, "मी घरी जायला नको होतं. मनात खुटखुटत होतं. पण तुम्ही कागद दाखवलात. म्हटलं, मला मेलीला काय कळतंय त्यातलं."

आता तोंड उघडलं नाही तर जन्मभर उघडणार नाही, हे मला कळलं.

"काकू, तुमचं काही चुकलं नाही. मी मोजलंच नव्हतं."

"काय?"

"श्वास. एकदाही मोजला नाही. अठरा असंच लिहून टाकलं. तुम्ही सांगत होतात तेव्हासुद्धा."

त्या ओरडोत, मारोत, काहीही करोत, असं वाटलं. त्या म्हणाल्या, "मी मोजले होते."

"काय?"

"बाराच्या आधी. भिंतीवरच्या घड्याळात बघून. दोनदा मोजले. बत्तीस भरले. म्हणून तर तुम्हाला हाक मारली. मग तुमच्या कागदावर अठरा दिसलं. वाटलं, मलाच नीट मोजता येत नाही."

मी कपाटातून फाइल काढली. आमच्याकडे लिहिलेलं खोडायचं नसतं. एक आडवी रेघ मारायची, खरं बाजूला लिहायचं, तारीख टाकून सही करायची. आठ, दहा, बारा, दोन. चारही अठरांवर रेघ मारली आणि प्रत्येकापुढे लिहिलं, 'मोजले नाहीत'. बाराच्या ओळीत खाली जागा होती. तिथं लिहिलं, 'बत्तीस. मोजणारी : रुग्णाची पत्नी.'

चार्ट त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं.

"पूर्ण नाव लिहू?" माझ्या हातातलं पेन घेत त्यांनी विचारलं.

"लिहा."

त्यांनी सावकाश पूर्ण नाव लिहिलं आणि पेन परत दिलं. माफ केलं वगैरे काही त्या म्हणाल्या नाहीत. मागायला मलाही तोंड नव्हतं. त्यांच्या नावाखाली मी सही केली आणि फाइल घेऊन मोठ्या मॅडमच्या खोलीकडे निघाले. काकूही उठल्या आणि माझ्या बरोबरीनं चालू लागल्या.