शिलाईच्या खोलीतलं गवत

तिने गठ्ठ्याच्या दोन्ही सुतळ्या मुठीत धरल्या आणि पाय रोवून ओढलं. गठ्ठा जागचा हलला नाही. पुन्हा हिसका दिला, तेव्हा तो एकदम सुटला आणि तिच्यासकट उंबऱ्याबाहेर येऊन पडला. केसांत, डोळ्यांत, प्रवासातल्या चांगल्या कपड्यांवर नुसता भुसा.

आजारी आईपाशी राहून ती घरी परतली होती, तर शिलाईच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत वाळलेल्या गवताचे गठ्ठे. गोठ्यालगतची ही अडगळ तिने एकटीने उपसली होती, चुना लावला होता, उजेडाला खिडकी पाडून घेतली होती. आता ती खिडकीही दिसत नव्हती. मशीन तर पार मागे, भिंतीशी.

"अगं, आभाळ भरून आलं होतं," नवरा म्हणाला. "शेडचा पत्रा गळतो. गवत भिजलं असतं तर गुरांपुढे काय टाकलं असतं?"

"पत्र्याचं किती दिवस सांगतेय मी तुम्हाला?"

"मशीन आहे की आत. कुणी खाल्लं नाही ते."

धाकटा दीर फिस्सकन हसला. तिने दुसरा गठ्ठा ओढला. या दोघांशी बोलून काय उपयोग? सासूच्या हुकमाशिवाय या घरात काडी हलत नाही, हे तिने लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं. म्हातारीच्या नावाने ती सुतळीला हिसके देत राहिली. बोटं सोलवटून निघाली.

"खालून ओढू नकोस. अख्खी रास अंगावर येईल."

सासू मागे उभी होती.

"येऊ दे. तेवढंच राहिलंय."

सासूने स्टूल आणलं, गुडघ्यावर हात टेकत वर चढली आणि सगळ्यात वरचा गठ्ठा खाली लोटला. मग दोघी एकमेकींकडे न बघता गठ्ठे बाहेर काढत राहिल्या. दोघे भाऊ थोडा वेळ बघत उभे राहिले आणि घरात निघून गेले.

शेवटी मशीन दिसलं. त्यावर सासूची रोजची दुलई पांघरलेली होती, चाकाभोवती घट्ट खोचून. आत भुशाचा कणही गेला नव्हता.

"तुम्हाला पटलं नव्हतं, तर अडवलं का नाहीत?" तिचा आवाज चिरकला.

"दारात आडवी उभी राहिले होते." सासू दुलई झटकू लागली. "धाकट्याने उचलून बाजूला ठेवलं. हसत हसत. गठ्ठा ठेवावा तसं."

सासू झटकत होती, झटकत होती. दुलईत आता झटकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बाहेर टपोरे थेंब पडू लागले.

"हे सगळं आता कुठे न्यायचं?" तिने विचारलं.

सासूने अंगणातल्या गठ्ठ्याची एक सुतळी धरली.

"पुढच्या खोलीत. दोघं टीव्हीसमोर लोळलेत ना, तिथे."

"आणि ते आडवे आले तर?"

"येऊ देत," सासू म्हणाली. "धर ती बाजू."